सरजाबाईच्या खुब्यातली मेख

येडबानं धोतराच्या सोग्यातून ती वस्तू काढली आन् सारवलेल्या जमिनीवर ठेवली, तशी ओसरीवरची सगळी माणसं वाकून बघाया लागली...

राख सावडायला गेलेल्यांना त्याच्या मायच्या, सरजाबाईच्या राखंत ती घावली होती. ईतभर लांब लोखंडी रॉड, आन् त्यातून आरपार गेलेले दोन जाडजूड स्क्रू. जाळानं काळानिळा पडला होता, पन वाकला न्हवता. सरजाबाईतरी उभ्या जन्मात कुनाम्होरं वाकली होती का? तिच्या अंगातलं लोखंड ते, कसं वाकंल.

"बघा," सरजाबाईची लेक चंदा पदरानं डोळे पुसत म्हनली, "माय जळली माझी. पन वैनीनं ठोकलेली मेख जळली न्हाई."

वैनी म्हंजे येडबाची बायको, कासाबाई. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिच्या काळजात ते लोखंड आरपार गेलं.

मागं सरजाबाई अंगणात पडली आन् खुब्याचं हाड मोडलं, तवा येडबा मेंढरं घेऊन लांब गेलेला, फोन लागंना. सासूला टेम्पोत घातलं तर प्रत्येक खड्ड्याला ती किंकाळी फोडायली. कासाबाईनं अंगावरची घोंगडी काढली... काळ्याभोर लोकरीची, पांढऱ्या काठाची. तिच्या मेलेल्या मायनं सूत कातून दिलेली माहेरची तेवढीच निशाणी. तिनं ती मधोमध फाडली, दोन वळकट्या केल्या आन् पाय हलू नये म्हनून दोन्ही अंगांनी बांधल्या. म्हातारी डोळे मिटून कन्हत होती. तिनं काठाचा एक तुकडा असा मुठीत धरला, की परभणीच्या दवाखान्यात नर्सलासुद्धा ती मूठ उघडंना. बाकीची घोंगडी तिथल्या कचऱ्यात गेली.

डॉक्टर म्हनले, रॉड घालून स्क्रू कसले तर चालंल, न्हाई तर अंथरुणातच संपंल. चंदा सासरहून फोनवर रडायली, "मायच्या अंगात लोखंड घालू नका वैनी, मरताना जीव अडकतोय." कासाबाईनं डोळे मिटले आन् दवाखान्याच्या कागदावर अंगठा उठवला.

त्या दिवसापासून सरजाबाईनं भिताडाकडं तोंड केलं. मोरीपर्यंत जायला सुनंचा खांदा लागायचा, पन सुनंशी बोलनं न्हाई. दवाखान्यातून आनलेला वॉकर कोपऱ्यात तसाच. आल्यागेल्याला सांगायची, "शेळीवानी मेख ठोकून बांधलंय मला ह्या बाईनं. आता यमबी सोडवून नेईना." कासाबाई तिला न्हाऊ घालायची, पाय चोळायची, आन् दुपारी शेरडं घेऊन माळाला गेली की एकटीच रडायची... आपन खरंच जीव बांधला का म्हातारीचा?

"दादा," चंदा म्हनली, "मेलेलं मानूस घरात फिरू नये म्हनून जीव गेला त्या जागी खिळा ठोकायचाच असतो. हाच ठोक. माय अजून घरात हाय. काल दुपारी मी ऐकलंय, वॉकरवानी टक... टक..."

"जित्तेपनी चालली न्हाई ती," येडबा पुटपुटला, "आता कशाला चालंल."

कासाबाईनं चटदिशी मागं वळून बघितलं. सुतकामुळं ती दुपारची घरी होती, आन् तो आवाज तिनंबी ऐकला होता. पन येडबानं म्हातारीच्या बाजंखालच्या जागी रॉड धरून दगड उचलला, तशी ती उठली आन् तिनं रॉड हिसकून पोटाशी धरला.

"न्हाई. एकदा ठोकला तेच पाप माझ्या मानगुटीवर बसलंय. दुसऱ्यांदा तिला बांधू देनार न्हाई."

"मग कशाला अंगठा उठवला वो तवा?"

"मरू द्यायची होती का, चंदाबाई?" कासाबाईचा आवाज फाटला. "मला माय न्हवती. तुमची वाचवली म्हनून मला वैरीन म्हनता..."

टक. टक. टक.

भर दुपार. पाखरूसुद्धा बोलत न्हवतं. आवाज मागल्या वाड्यातून, शेरडाकोकरांच्या जागंतून यायला होता. येडबाच्या हातातला दगड गळून पडला. मंग काय, गडीमानसं जाग्यावर थिजली आन् दोघी बायाच पुढं झाल्या. चंदानं भ्यानं वैनीचा हात धरला होता, हे तिलाबी कळलं न्हाई.

वाड्यात एक काळं कोकरू वॉकरला ढुशा देत होतं. म्हातारी गेल्यावर कुनीतरी तो घरातून इथं आनून भिताडाला टेकवून ठेवला होता. ढुशी बसली की दगडावर टक.

चंदानं वैनीचा हात सोडला. कासाबाई मातर खाली वाकून बघतच राहिली. वॉकरच्या पायांचे रबर पार झिजले होते. खालच्या भुईत गोल-गोल ठसे होते, जुने, नवे, एकमेकांवर पडलेले. दारापासून निघून वाड्याच्या कोपऱ्यापर्यंत पायवाट पडलेली. कोकरू ढुशी मारून त्याच कोपऱ्याकडं बघायचं, जसं काय रोज दुपारी तिथून कुनी मूठभर चारा घालत होतं.

कोपऱ्यात तुराट्यांच्या कुडामागं गठुडं होतं. कासाबाईनं सोडलं. सूत कातायची चाती, आन् काळ्याभोर लोकरीच्या सुताचे गुंडेच गुंडे... आन् तळाशी, जपून घडी केलेला, पांढऱ्या काठाचा फाटका तुकडा.

कासाबाईनं तो तुकडा वळखला. म्हातारीनं पाह्यलं होतं. डोळे मिटून सगळं पाह्यलं होतं. ह्याच लोखंडाच्या जोरावर, सून माळाला गेली की गुपचूप चालत यायची, तिच्या नव्या घोंगडीचं सूत कातायची, आन् संध्याकाळी पुन्हा भिताडाकडं तोंड.

"आत्या," ती त्या तुकड्यात तोंड खुपसून हुंदके देत म्हनली, "एका शब्दानं सांगायचं की वो..."

"ती कुठली सांगती," चंदा रडता-रडता हसली. "नाक कापलं गेलं असतं तिचं." मंग ती वैनीच्या पायाशी बसली. "वैनी, आना तो रॉड. गंगाखेडला राखंसंगं गंगंत सोडू. जाऊ द्या मायला मोकळी."

कमरंइतक्या पान्यात दोघींनी मिळून तो रॉड सोडला. जाताना चंदानं वॉकर नेला, तिच्या सासऱ्याला लागत होता.

पुढं एका दुपारी येडबा शेरडं-कोकरं घेऊन माळाला गेला. वाडा मोकळा. कासाबाई कोपऱ्यात पोत्यावर बसून घोंगडीचं उरलेलं सूत कातत होती. आन् मागून आलं... टक. टक. टक.

तिनं मान वळवली न्हाई. हातातली चाती थांबवली न्हाई. फकस्त जरा बाजूला सरकली, आन् पोतं हातानं झटकून म्हनली,

"या आत्या. बसा."