नऊशे चाळीस

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर तिच्यात माझ्या सख्ख्या मामाला ओढलं नसतं.

मागच्याच्या मागच्या वर्षीचा जानेवारी. संक्रांतीच्या आधीचा शुक्रवार. जागा सोनगढच्या पुढची, हायवेला लागून असलेल्या एका ढाब्याच्या मागचं मोकळं मैदान.

वेळ मध्यरात्रीची नव्हती. संध्याकाळचे सात वाजले होते. ढाब्यावर माणसं जेवत होती.

म्हणूनच मला त्या गोष्टीची जास्त भीती वाटते.

वाल्मिकमामा सुरतेत बमरोलीला राहतो. मूळचा साक्रीकडचा. तीस वर्षं लूमच्या कारखान्यात फिटर होता. मामी, म्हणजे इंदुबाई, त्याच कारखान्यात बॉबिन भरायची. कापसाच्या धुळीनं तिची छाती धरली ती कायमची. शेवटच्या वर्षी तर ती चार पायऱ्या चढली तरी बसून घ्यायची.

दिवाळी झाली आणि आठवड्याभरात मामी गेली.

मामा रडला नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही. लोक यायचे, बोलायचे. तो मान हलवायचा. चहा समोर ठेवला तर प्यायचा, नाही ठेवला तर मागायचा नाही. माझी आई म्हणाली, याला कुठेतरी टाचणी टोचून बघा, कळतंय तरी का.

खरंच कळत नव्हतं. मामानंच नंतर सांगितलं. त्या दिवसांत गरम तव्याला हात लागला तरी वास आल्यावर लक्षात यायचं, म्हणे.

मामाचा एक जुना दोस्त आहे, सुकदेव. त्याचं उधन्याला फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्यानं हौसेनं गाडीमागे जोडायची एक खोली बनवली होती. दोन चाकांवरची. आत एक खाट, एक ओटा, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या, एका बाजूला पुढे दार. शहाणी माणसं त्याला ट्रेलर म्हणतात, सुकदेव त्याला डबा म्हणायचा. मामी एकदा त्या खाटेवर बसून बघून आली होती. म्हणाली होती, यात बसून एकदा प्रकाशा तीर्थाला जाऊ, तापीचं दर्शन घेऊ.

ती गेल्यावर मामाला घरात झोपवेना. तो सुकदेवच्या शेडमध्ये, त्या डब्यातच राहायला लागला. पौष उजाडला तेव्हा सुकदेव म्हणाला, असा पडून राहू नकोस, वहिनीची इच्छा होती ना, मग प्रकाशाला जाऊन ये. माझी बोलेरो घे. अमोलला सोबत ने.

अमोल म्हणजे मामाचा मुलगा. तेवीस वर्षांचा. गाडी चांगली चालवतो, पण मागे काही ओढायची त्याची पहिलीच वेळ.

म्हणून सुकदेवनं दोन दिवस त्याला शिकवलं. हूक बसला की जॅकनं उचलून बघ, सुटतो का. साखळ्या खालून फुलीसारख्या लाव. जड सामान पुढे ठेव. मागे भार गेला की डबा शेपटीसारखा हलतो. हलला तर ब्रेक मारू नको, नुसता पाय सोड. चालत्या डब्यात कोणी बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच.

आणि राहायचं कसं, तेही सांगितलं. पत्र्याला थंडी खालून लागते, म्हणून खाटेखाली गोणपाट अंथर. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय आत पाय ठेवू नको.

शेवटची गोष्ट त्यानं तीन वेळा सांगितली.

"कितीही थंडी वाजू दे, कोळशाची शेगडी आत न्यायची नाही. आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. दोन बोटं. विसरू नको."

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरून त्यांनी डबा उधन्याच्या वजनकाट्यावर नेला. गाडी सोडवून नुसता डबा काट्यावर ठेवला.

नऊशे चाळीस किलो. अमोलनं आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवला.

शुक्रवारी दुपारी ते निघाले. गच्च्यांवर पोरं पतंग उडवत होती. अमोल बोलत होता, मामा खिडकीबाहेर बघत होता. बारडोलीपर्यंत डबा अगदी शहाण्यासारखा मागे आला.

बारडोली सुटली आणि तो हलायला लागला.

आधी थोडासा. मग चांगलाच. डावीकडे, उजवीकडे... जणू मागच्या बाजूला कोणी येरझारा घालत होतं.

अमोलनं पाय सोडला. गाडी कडेला घेतली. सामान सरकलं असेल म्हणून दार उघडून पाहिलं. पाण्याचे कॅन पुढेच होते, बांधलेले. ओट्याखालची भांडी जागच्या जागी. खाट मागच्या भिंतीला लागून होती, तिच्यावरची गोधडी तेवढी मधोमध दबली होती.

गाडीच्या धक्क्यानं दबली असेल, असं अमोलला वाटलं. ती झटकून त्यानं दार लावलं.

डबा पुन्हा हलायला लागला.

व्यारा यायच्या आधी एक वजनकाटा दिसला. अमोलनं गाडी आत घेतली, डबा सोडवला, काट्यावर ठेवला.

नऊशे नव्वद.

काट्यावरच्या माणसानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, अंदर कोण बेठुं छे?"

कोणी नाही, असं अमोल म्हणाला. तो माणूस हसला. माणूस बसवून वजन करता, म्हणाला. मग अमोलनं दार सताड उघडून त्याला आतली रिकामी खाट दाखवली.

दार उघडं असताना आकडा खाली आला. नऊशे चाळीस.

अमोलनं दार लावलं.

तिघंही आकड्याकडे बघत होते. वारा नव्हता. डब्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

नऊशे पन्नास...

नऊशे सत्तर...

नऊशे नव्वद.

सावकाश. एखादी बाई आधी हात टेकते, मग बसते, मग पाय वर घेते, तसं.

 काट्यावरच्या माणसानं हातानं खूण केली... न्या इथून.

डबा सोडून परत जाऊ, असं अमोलनं दोनदा म्हटलं. मामानं ऐकलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

"तुझी आई आहे," तो म्हणाला. "तिला यायचं होतं."

 अमोलनं गाडी सुरू केली. सोनगढपर्यंत वेग वीसच्या वर नेला नाही. आरशात बघायचंही त्यानं टाळलं.

सोनगढच्या पुढे अंधार पडला आणि धुकं उतरलं. आता ओढणं शक्य नव्हतं. ढाबेवाल्याला विचारून त्यांनी डबा मागच्या मैदानात लावला. चाकांना ठोकळे दिले. अमोलनं बाहेर शेगडी पेटवली, चहा केला. मग खिडकी दोन बोटं सरकवली, स्वतःची बोटं घालून बघितली, आणि भाकरी आणायला ढाब्यावर गेला. शेगडी पायरीपासून पाच-सहा हात लांब होती. हे तो आजही शपथेवर सांगतो.

मामा आत जाऊन खाटेवर आडवा झाला.

थंडी भयंकर होती. पण थंडी वाजतेय असं त्याला वाटत नव्हतं. बोटं निळी पडली होती, ती तो दुसऱ्याची असल्यासारखी बघत होता.

मग पायाशी खाट दबली.

कोणीतरी बसलं होतं.

मामानं घरच्या बोलीत विचारलं, "तू शे का?" तू आहेस का.



खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. खर्रर्र... आणि टक्. खिडकी बंद झाली.

तिला थंडी वाजत असेल, असं मामाला वाटलं. तो उठला, सुकदेवचं आठवलं म्हणून त्यानं खिडकी पुन्हा दोन बोटं उघडली आणि येऊन पडला.

खर्रर्र... टक्.

या वेळी मामा उठला नाही. पडल्या पडल्या विचार करत राहिला. आणि विचार करता करता त्याला एक गोष्ट आठवली.

इंदुबाईला बंद खिडकी चालत नसे. कधीच. भर थंडीत, बमरोलीच्या त्या खोलीत, ती खिडकी उघडी टाकून झोपायची. बंद केली की तिचा जीव घाबरा व्हायचा. त्यावरून दोघांची पंचवीस वर्षं भांडणं झाली होती.

मग खिडकी कोण बंद करतंय?

मामानं कान दिला.

डब्यात श्वासाचा आवाज होता. खोल, संथ, भरलेला. छाती ठणठणीत असलेल्या माणसाचा.

इंदुबाईच्या श्वासाला शिट्टी होती. झोपेतसुद्धा.

या श्वासाला शिट्टी नव्हती.

आता डब्यात छान ऊब आली होती. मामानं मान वळवली. ओट्याखाली लाल उजेड होता...

शेगडी आत आली होती.

तिच्यावर राख धरली नव्हती. निखारे नुकतेच फुंकल्यासारखे फुलले होते.

गोधडी सावकाश वर सरकली. गुडघ्यांवर, छातीवर, हनुवटीपर्यंत. मग दोन्ही बाजूंनी खांद्याखाली दाबली गेली. नीट, हलक्या हातानं. लहान मुलाला गुंडाळतात तशी.

बाहेर अमोल भाकऱ्या घेऊन आला तर शेगडी जागेवर नाही. दार लोटलं तर आतून बंद. त्यानं हाका मारल्या, लाथा मारल्या. आतून काही आवाज नाही. शेवटी त्यानं जॅकच्या दांड्यानं खिडकी फोडली, हात घालून दार उघडायचा प्रयत्न केला. दार कशानं अडलंय तेच त्याला समजेना. तेवढ्यात ढाब्यावरची दोन माणसं धावत आली आणि तिघांच्या धक्क्यानं दार उघडलं.

अमोलनं बापाला काखेत धरून ओढलं. मामा काडीसारखा माणूस. दोन महिन्यांत आणखी वाळला होता. पण अमोलला तो ओढवेना. जणू दोन माणसं एकाच गोधडीत होती.

आणि पायरीवर आल्यावर, एकदम... वजन सुटलं. अमोल मामाला घेऊन मागे मातीत पडला.

रात्र व्याऱ्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर अमोलला खूप रागावले. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, दर हिवाळ्यात असे दोन-चार येतात, म्हणाले. त्या वायूनं माणसाला नाही ते दिसतं, नाही ते ऐकू येतं.

असेल. मामाला तो वायू लागला होता. पण दुपारी वजनकाट्यावर तिघं शुद्धीवर उभे होते, त्याचं काय, हे डॉक्टरांना विचारायचं अमोलच्या तोंडावर आलं आणि तसंच राहिलं.

सकाळी मामाला ऑक्सिजन चालू होता. अमोल बाजूच्या स्टुलावर बसला होता. तेव्हा तो बापाला एवढंच म्हणाला,

"आप्पा, ती आई नव्हती. काट्यावर पन्नास किलो वाढले होते. शेवटी केसपेपरवर आईचं वजन अडतीस होतं. मीच काट्यावर उभी केली होती तिला."

मामानं नुसती मान हलवली.

सुकदेव स्वतः जाऊन डबा घेऊन आला. वाटेत त्यानं वजन केलं, ते बरोबर भरलं. डबा अजिबात हलला नाही. पण घरी आल्यावर तो अमोलला बाजूला घेऊन म्हणाला, दार आतून बंद होतं असं तू म्हणतोस. अरे, आतून कडी बसवायची राहूनच गेली होती. बघ तू, भोकंसुद्धा पाडलेली नाहीत.

सुकदेवनं पुढच्या आठवड्यात डबा गॅसकटरनं कापला. पत्रा भंगारात गेला. प्रकाशाला कोणी गेलं नाही.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. मी ही गोष्ट इथे लिहिली असती ती एवढीच. हल्ली बरेच जण असे ट्रेलर घेऊन थंडीत बाहेर पडतात, त्यांना खिडकीचं तरी कळावं म्हणून.

पण मागच्या महिन्यात मी बमरोलीला गेले होते. अमोल कामावर होता. मामा आणि मी दाराशी चहा पीत बसलो होतो. गल्लीत लूमचा खडखडाट चालू होता. त्या आवाजात माणसं जवळ येऊन बोलतात, तसा मामा जवळ सरकला आणि आपणहून बोलायला लागला.

तो म्हणाला, लोकांना वाटतं मी बेशुद्ध होतो. नव्हतो. शेगडी दिसली तेव्हा हातपाय चालत होते. दार चार पावलांवर होतं. ती इंदू नाही, हेही मला कळलं होतं.

मी विचारलं, "मग उठला का नाहीत, मामा?"

 त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. काहीच नव्हतं.

"कोणीतरी होतं ना," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि विसळायला आत गेला.

आता मी दर रविवारी बमरोलीला जाते. काही काम नसतं. थोडा वेळ बसते, संध्याकाळ व्हायला लागली की निघते. निघताना मामा दारापर्यंत येतो, नीट जा म्हणतो.

आणि रिक्षात बसेपर्यंत मला मागे वळून बघायचा धीर होत नाही... कारण आत वळताना तो कोणाशीतरी बोलत असतो.