कॉकपिटचं झाकण

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्यातून साचे येतात, मी त्यावर मेणाच्या हिरड्या घडवतो, दात बसवतो, घासून गुळगुळीत करतो. त्यामुळे दादाने जेव्हा विचारलं, "बारक्या, माझं विमान करून देशील का?" तेव्हा हत्यारांची अडचण नव्हती. बारीक करवत, कानस, चिमटे, ड्रिल, सगळं घरातच होतं.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्याची सारी नोकरी सरली आणि फावल्या वेळात, अगदी शाळेपासून, तो एकच विमान काढत आला. लांब नाकाचं, एकट्या माणसाचं, टेहळणीचं लष्करी विमान. दोन्ही इंजिनं पाठीवर. असं विमान कुठल्याच हवाई दलात नव्हतं. ज्या देशाचं ते होतं, तो देशही दादाच्या डोक्यातलाच. पुढे फुप्फुसं आक्रसत गेली आणि दादा खाटेला खिळला. खिडकीशी खाट, खाटेशी प्राणवायूचं मशीन आणि समोरच्या टेबलावर मी. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर नेऊन सांगितलं होतं, आता त्यांना हवं ते करू द्या.

विमानांच्या प्रतिकृती जोडायचे प्लॅस्टिकचे तीन किट आणले. धड एका बॉम्बरचं घेतलं, पंख मालवाहू विमानाचे, शेपूट लढाऊ विमानाचं. जिथे तुकडे जुळत नव्हते तिथे कापलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासलं. दादा उशांना टेकून हुकूम सोडायचा. "नाक अजून ओढ. विमान आहे का भोपळा?"

वहिनी म्हणायची, "बघायला आले होते तेव्हा माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं यांनी."

एका रविवारी दुपारी डोळे मिटून पडलेला दादा म्हणाला, "डाव्या बाजूने वारा येतोय."

खिडकी बंद होती. पंखाही बंद. वहिनीने त्याच्या अंगावर शाल घातली.

"बरगडीपाशी. आत शिरतोय."

मी कामाकडे वळलो. उजेड तिरका पडला होता म्हणून दिसलं: डावा पंख धडाला मिळतो तिथे केसाएवढी फट राहिली होती. मी तिच्यात पुट्टी भरली आणि बोटाने दाबून सारखी केली.

"आता ठीक," दादा म्हणाला आणि त्याने शाल बाजूला सारली. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

योगायोग, मी स्वतःला सांगितलं.

मग इंजिनांची पाळी आली. किटमध्ये इंजिनांची तोंडं बुजलेलीच येतात. वरून काळा रंग दिला की काम भागतं. दादाला ते चालणार नव्हतं. मी ड्रिल लावलं. पहिलं भोक आरपार गेलं आणि मागे खाट करकरली. कित्येक महिने बसल्या बसल्याच झोपणारा दादा उशांवरून खाली सरकून पाठ टेकून आडवा झाला होता. दुसरं भोक पाडलं तशी वहिनी आतून धावत आली.

"मशीन बंद पडलं का?"

मशीन चालू होतं. बंद पडली होती ती दादाची घरघर. तिची आम्हाला इतकी सवय झाली होती, की ती थांबल्यावर घर रिकामं वाटलं.

डॉक्टरांनी छाती दोनदोनदा तपासली. "औषध कोणतं बदललंत?"

"कुठलंच नाही," वहिनी म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर गेल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. "भावजी, ते विमान पूर्ण नका करू."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते मला नाही सांगता येत. पण संपवू नका."

मी काम लांबवलं. चाकं बसवली, पुन्हा काढली. सुईच्या टोकाने धडावर रिव्हेटच्या खिळ्यांचे ठिपके उमटवत बसलो. शेवटी फक्त कॉकपिटचं पारदर्शक झाकण राहिलं. ते कापसात गुंडाळून मी एका डबीत ठेवलं. दादा आता उठून बसायचा, चवीने जेवायचा. पायांत मात्र उभं राहण्याचं बळ नव्हतं. आणि त्याची थट्टा थांबली होती.

"झाकण लाव," तो म्हणायचा.

"लावू की. घाई काय आहे?"

"किती दिवस धावपट्टीवर उभं करून ठेवणार आहेस?"

"दादा, तू बरा होतोयस."

"ते तुला वाटतंय," तो शांतपणे म्हणाला. "लाव, बारक्या."

दुसऱ्या दिवशी मी ती डबी शर्टाच्या खिशात घालून दवाखान्यांत कवळ्या पोचवायला गेलो. उगाच मागे ठेवायला नको.

दुपारी खिशातून डबी काढून कानाशी हलवली. उघडली. आत नुसता कापूस होता.

मी घरी आलो. वहिनीने दार उघडलं. "झोपलेत. मी इथेच बसून होते सकाळपासून."

झाकण जागेवर होतं.

गोंद लागला की पारदर्शक प्लॅस्टिक थोडं तरी पांढुरकं होतं. इथे डाग नव्हता. सांध्यात नख घालायला गेलो, तर सांधाच लागेना.

आत खुर्ची दिसत होती. तिचे पट्टे मी चांदीच्या कागदाचे कापले होते आणि दोन्ही बाजूंना सुटे सोडले होते. आता ते बांधलेले होते. ताणून, घट्ट.

खुर्चीत काही नव्हतं.

"वहिनी, याला हात लावलात?"

"नाही."

मागे खाट वाजली. दादा उठून उभा राहिला होता. त्याने दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. नाकातली नळी काढली, तिची नीट गुंडाळी करून उशीवर ठेवली.

"दादा?"

त्याला माझ्याकडे पाहायला वेळ लागला. लांबच्या फोनवर आवाज उशिरा पोचतो, तसा.

"बसा ना," तो म्हणाला. "तुम्ही उभे का?"

उभ्या जन्मात दादाने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

डॉक्टर याला नशीब म्हणतात. छातीचे फोटो स्वच्छ आलेत. तो चालतो, फिरतो, जेवण झालं की स्वतःचं ताट उचलतो, कपाट उघडायच्या आधी वहिनीला विचारतो. वहिनी आता स्वयंपाकघरात अंथरूण घालते. मी कारण विचारलेलं नाही. टेबलावरच्या विमानाकडे तो कधी पाहत नाही. त्या बाजूने जायची वेळ आली तर भिंतीकडे तोंड करून जातो.

काल दुपारी मी एक कवळी घासत बसलो होतो. घरावरून विमान गेलं, नेहमीचंच, प्रवासी. तो खिडकीशी आला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग माझ्या शेजारी येऊन बसला. वहिनीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा," मी म्हणालो.

"तुमचे दादा उतरायला आले, तर मला थोडं आधी सांगाल ना?"