एकाच दिशेला पाहणारे करकोचे

"ध्वज गुंडाळा. बाहेर गाडी थांबलीय," गणवेशातला माणूस म्हणाला.

भरतकामाच्या कारखान्यात तेव्हा ताई, जाड चष्म्यामुळे सगळे ज्याला 'भिंग' म्हणत तो तिचा भाऊ आणि मावशीची धाकटी मुलगी टिकली एवढीच होती. मावशी जरीचा दोरा आणायला गेली होती. पलटणीचा जुना ध्वज तिने दुरुस्तीला घेतला होता. त्याला काही झालं असतं, तर तिच्या हातचं काम कायमचं गेलं असतं.

मालक फोनवर बोलता बोलता म्हणाले, "द्या रे. साहेबांचा गणवेश दिसत नाही का?" आणि जेवायला निघून गेले.

भिंगाने ताईची बाही ओढली. "कॉलर बघ," तो कुजबुजला.

कॉलरच्या दोन्ही टोकांवर पलटणीचं चिन्ह होतं. एका पायावर उभा करकोचा, दुसऱ्या पायात दगड. डुलकी लागली की दगड पडणार आणि पक्षी जागा होणार. पण मावशी हे करकोचे कायम जोडीने भरायची, समोरासमोर पाहणारे. एकाच्या पाठीमागचं दुसऱ्याला दिसावं, अशी पलटणीची रीत होती. या माणसाचे दोन्ही करकोचे एकाच दिशेला पाहत होते!

ताईने लाकडी चौकटीवर ताणलेल्या ध्वजाकडे पाहिलं.

"काका, शेवटचा टाका राहिलाय. असाच काढला तर कापड उसवेल," ती म्हणाली. "भिंग, मावशीकडून दोरा आण. पळ."

"मीपण जाणार," टिकली म्हणाली.

"जा बाई."

दोघं मागच्या दाराने गेली. माणसाने पुढच्या दाराला आतून कडी लावली. "उरक लवकर."

ताई सुई घेऊन चौकटीपाशी बसली. बुटांचा आवाज तिच्या पाठीमागे येऊन थांबला.

"सुईत दोरा कुठाय?"

"तोच तर आणायला पाठवलंय. दुसरा चालत नाही."

"मला शिकवतेस?" त्याने टेबलावरची कात्री उचलली आणि चौकटीच्या दोऱ्या कापायला घेतल्या. ताईने दोरीवर हात ठेवला.

"हात काढ."

"नाही काढणार." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

कात्रीचं थंड पातं तिच्या बोटांना टेकलं. इतक्यात पुढचं दार धडधडलं. माणूस मागच्या दाराकडे धावला, पण ते हलेना. भिंगाने जाताना बाहेरून कडी घातली होती!

ताईने पुढचं दार उघडलं. मावशी होती, आणि तिच्यामागे भिंग, टिकली आणि भिंगाचं ऐकून तिने जवळच्याच छावणीतून बोलावलेले सुभेदार आणि दोन जवान.

जवानांनी त्या माणसाला धरलं आणि थोड्याच वेळात सगळं बाहेर आलं. गणवेश भाड्याचा होता, चिन्हं जुन्या बाजारातली. ध्वज चोरून विकायचा बेत होता.

मालक ढेकर देत परतले. "नेला का ध्वज साहेबांनी?"

टिकलीने चौकटीवरच्या ध्वजाकडे बोट दाखवलं.

सुभेदारांनी भिंगाची पाठ थोपटली. "सकाळी हाच माणूस आमच्या फाटकावरून गेला. आमच्या जवानाने त्याला सलाम ठोकला. तुमच्याइतकं नीट कुणी पाहिलं नाही." मग ते ताईकडे वळले. "शाबास, पोरी. भीती नाही वाटली?"

"वाटली," ताई म्हणाली. सुई अजून तिच्या मुठीत होती आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.

मावशी तिच्यासमोर खाली बसली आणि एकेक बोट हळूच सोडवू लागली.

"सोड आता," ती म्हणाली. "मी आलेय."