समोरून येणारे

नालछा मागे पडलं की मांडूच्या रस्त्याला एक कच्ची वाट फुटते. तिच्या टोकाला भवरी तलाव आहे. अलीकडेच तिथं बाग झाली आणि तलावाभोवती फिरायच्या वाटा आखल्या गेल्या. वाटा अगदी सोप्या. गुडघे धरलेल्या माणसालाही जमतील अशा. चढ नाही, घसरण नाही. दगडांवर पिवळे बाण रंगवलेले आणि थकलं की टेकायला बाकं.

गणपतराव जगदाळे धारला सिंचाई विभागातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. विनोदिनीबाईंना डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनीच ही जागा शोधून काढली. थंडीचे दिवस होते. दुपारचं ऊन उतरलं की दोघं गाडी काढून तिथं यायची.

पण एकत्र चालणं काही जमेना. विनोदिनीबाई सावकाश चालायच्या, पाणकावळा दिसला की थांबायच्या आणि सगळा वेळ बोलत राहायच्या. गणपतरावांना थांबणं सोसत नसे. शेवटी त्यांनी तोड काढली. आपण डावीकडून निघायचं, तिनं उजवीकडून. पलीकडच्या काठावर एक जुनी दगडी घुमटी होती. तिथं गाठ पडली की तिच्याजवळच्या थर्मासमधला चहा घ्यायचा आणि आपापल्या दिशेनं फाटकाशी परत यायचं. वाटेला कुठं फाटा नव्हता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला काळा कातळ आणि वर तारेचं कुंपण. चुकामूक व्हायला जागाच नव्हती.

गणपतराव नेहमी आधी पोचायचे आणि घुमटीच्या ओट्यावर बसून राहायचे. एका दुपारी विनोदिनीबाई आल्या त्या फणकाऱ्यातच.

"मघाशी थांबला का नाहीत? हाक मारली मी."

कुठं, असं त्यांनी विचारलं. गोरखचिंचेच्या वळणावर, असं त्या म्हणाल्या. समोरून आलात, खाली मान घालून बाजूनं निघून गेलात.

आपण केव्हापासून इथंच बसलोय, असं गणपतरावांनी सांगितलं. तसाच स्वेटर घातलेला दुसरा कोणी असेल.

"स्वेटर मी विणलाय," विनोदिनीबाई म्हणाल्या.

परतताना गणपतरावांनी फाटकावरच्या विठोबाला विचारलं. तिकिटं फाडत तो दिवसभर तिथंच बसलेला असे. तुमच्या दोघांशिवाय आज कोणी आलंच नाही, असं तो म्हणाला. गणपतरावांनी तो विषय तिथंच सोडला.

पुढच्या खेपेला थर्मास हलका लागला. त्यांच्या कपात चहा जेमतेम बुडापुरता आला. सांडला का, असं त्यांनी विचारलं. विनोदिनीबाईंनी नाही म्हणून मान हलवली. दुसरा कप ओला होता. त्याच्या काठाला चहाची साय लागलेली होती, आणि विनोदिनीबाई तर साय बघितली तरी तोंड फिरवायच्या. साय गणपतरावांना आवडायची.

त्यानंतर एकदा ते घुमटीपाशी बसले नाहीत. तसेच पुढे निघाले. ऊन कातळावरून सरकत होतं. तलावावर वारा नव्हता, पाणी तेलासारखं जड दिसत होतं. वळणापाशी पोचण्याआधीच विनोदिनीबाईंचा आवाज ऐकू आला. त्या काहीतरी सांगत होत्या, मध्येच थांबत होत्या, मग हसत होत्या. असं हसताना त्यांनी तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

गणपतराव झाडाला वळसा घालून पुढे झाले. ती एकटीच उभी होती. तोंड वाटेकडे. यांना पाहताच तिचं हसू विझलं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"हे थांबले होते आज," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

नवऱ्याखेरीज कुणाला 'हे' म्हणणारी बाई नव्हती ती. गणपतराव तिच्याकडे बघत राहिले. हे म्हणजे कोण, असं त्यांना विचारायचं होतं. गाडीत ती खिडकीबाहेर बघत हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

त्यांनी तलावावर जाणं बंद केलं. घरापुढच्या गल्लीत चाल, असं सांगितलं. विनोदिनीबाईंनी वाद घातला नाही. मात्र त्या बोलायच्या थांबल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत, बाकी काही नाही. पुण्याहून मुलीचा, ऋतिकाचा, फोन आला तेव्हा आईला काय झालंय म्हणून तिनं विचारलं. गणपतरावांना सांगता येईना. त्यांनाच ती शांतता सोसेनाशी झाली. एवढी वर्षं या घरात बडबड होती आणि आपण तिला फक्त हं म्हणत आलो, हे त्यांना रिकाम्या दुपारी लख्ख कळलं.

एका दिवशी तेच म्हणाले, चल, तलावावर जाऊन येऊ. आज मात्र बरोबर चालू.

ती लगेच उठली. चहा केला, नवी साडी नेसली.

फाटकातून आत गेल्यावर ते तिच्याबरोबर उजवीकडे वळले, तर ती थांबली. "तुम्ही जा नेहमीसारखे तिकडून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला अशीच सवय झालीय."

त्यांनी धरून ठेवायला हवं होतं. पण इतक्या माणसाळलेल्या वाटेवर, भर दिवसा, बायकोचा हात काय म्हणून ओढायचा? ते डावीकडे निघाले. चालता चालता पावलं आपोआप भराभर पडू लागली.

घुमटीपाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ओट्यावर वाळका पाला पडला होता. वाट दोन्हीकडे लांबवर दिसत होती. दोन्हीकडे कोणी नव्हतं. त्यांनी वाट पाहिली, मग फोन लावला.

"कुठं आहेस?"

"घुमटीपाशी."

"अगं, मी घुमटीपाशीच आहे."

"हो, दिसताय की."

गणपतराव गर्रकन वळले. घुमटीच्या मागे गेले. कातळ, तार, पाला. फोनमध्ये टिटवी ओरडली. त्यांच्या डोक्यावरचं आभाळ मुकं होतं.

"विनू, जागची हलू नकोस. ऐकतेस ना?"

मग फोनमधून, जरा लांबून, एका पुरुषाचा आवाज आला.

"दे, थर्मास मी घेतो. दमलीस?"

आवाज त्यांचाच होता.

फोन बंद झाला.

ते पळत सुटले. तिच्या वाटेनं, तिच्या दिशेला तोंड करून. वळण आलं. झाड आलं. झाडामागे काही नव्हतं. पाण्यात काही नव्हतं. पिवळे बाण त्यांच्याकडे रोखलेले होते. ते हाका मारत राहिले आणि फाटक आलं.

विठोबा खुर्चीतून अर्धवट उठला.

"साहेब? तुम्ही तर आत्ता निकलले ना, बाईसाहेबांबरोबर?"

"कुठं निघालो?"

"घरी. तुम्हीच तर गाडी काढली, भैया, मी फाटक उघडून दिलं." त्यानं यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

फाटकाबाहेर गाडी लावली होती ती झाडाखालची जागा रिकामी होती. मातीत चाकांच्या ताज्या खुणा होत्या. गणपतरावांनी खिशात हात घातला. गाडीची किल्ली खिशातच होती.

विनोदिनीबाई फोन उचलत नव्हत्या. मांडूकडून येणाऱ्या एका जीपमध्ये जागा मिळाली. गणपतराव धारला उतरून आपल्या कॉलनीत शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. पोर्चमध्ये गाडी उभी होती. बॉनेट अजून कोमट होतं. स्वयंपाकघरात दिवा होता, आणि फोडणीचा वास बाहेरपर्यंत येत होता.

त्यांनी बेल दाबली.

विनोदिनीबाईंनी आतलं दार उघडलं. जाळीचं दार तसंच राहू दिलं. त्या दचकल्या नाहीत. त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या, खूप जुनी ओळख असावी तशा. मग आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. जाळी थोडी उघडून त्यांनी तो पुढे केला.

"पाणी घ्या. लांबून आलात."

गणपतराव ते एका दमात प्यायले. "विनू," ते म्हणाले, "मी आहे."

"ठाऊक आहे मला," ती अगदी हळू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण आता इकडे येऊ नका. इथं हे असतात."

आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. त्यांच्याच आवाजात कोणीतरी विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही हो," तिनं सांगितलं.

तिनं पेल्यासाठी हात पुढे केला. त्यांनी दिला. पण तो तिनं घरात नेला नाही. वाकून बाहेरच्या पायरीवर उपडा ठेवला, आणि दार लावून घेतलं.