एक पांढरी वाढव

स्टुडिओत तिला सगळे पंचबाई म्हणत. सोंगट्या खेळत खेळत मोठा होणाऱ्या एका मुलाची ॲनिमे, म्हणजे जपानी धाटणीची चित्रमालिका तिथे तयार होत होती, आणि चित्रातला डाव खरा वाटतो की नाही, एवढंच बघायचं तिचं काम. चुकून कोणी कार्टून म्हटलं, तर दिग्दर्शकाचं तोंड दिवसभर वाकडं.

खेळ जुना, साधा. चौकटींच्या पटावर एकाने काळी सोंगटी ठेवायची, मग दुसऱ्याने पांढरी. वेढ्यात सापडेल तो हरला. मालिकेतले डाव तीच रचून द्यायची. शेवटच्या मोठ्या सामन्यासाठी मात्र तिने रचलेला डाव दिला नाही. दादाबरोबरचा, अर्धवट राहिलेला डाव दिला. तो तिला तोंडपाठ होता.

दादा तिच्याहून बराच मोठा, पण अंधाराला भ्यायचा. न्हाणीघर घराच्या टोकाला, मध्ये लांब अंधारा बोळ. म्हणून त्याने नियम काढला होता: हरेल त्याने जिंकणाऱ्याबरोबर जायचं. काळ्या सोंगट्या त्याच्या, पांढऱ्या तिच्या; तिला कधी जिंकताच आलं नाही. रोज संध्याकाळी ती पाय आपटत त्याच्या मागून जायची. शेवटचा डाव दवाखान्यातल्या खाटेवर मांडला होता. मध्येच त्याला ऑपरेशनला न्यायला आले. तो म्हणाला, "तू येशील ना बरोबर?" आणि ती तोऱ्यात म्हणाली, "आधी हरव तर मला."

तो परत आला नाही.

शेवटच्या सामन्याची पहिली चित्रं आली, तेव्हा पटावर एक काळी सोंगटी जास्त होती.

"ही कुठून उपटली?" तिने सामन्याची चित्रं काढणाऱ्या चष्मेवाल्याला विचारलं.

"मी नाही काढलेली."

"मग काय, सोंगट्यांना पिल्लं होतात?"

चष्मेवाला हसला नाही. सगळी चित्रं पुन्हा काढायची तर मालिका लांबणीवर पडली असती. पंचबाईने नेहमीची पळवाट काढली. "राहू दे. इथे एक पांढरी वाढव. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की कोणाला कळतंय?" लाल पेन्सिलीने तिने जागा दाखवली.

पुढच्या चित्रांत आणखी एक काळी. तिने आणखी एक पांढरी वाढवली. मग हे असंच सुरू झालं. चष्मेवाल्याने आधी आईची शपथ घेतली, मग देवाची. नंतर तो नुसतं चित्र टेबलावर ठेवायचा आणि हात पँटला पुसत निघून जायचा. एकदा फक्त दारातून म्हणाला, "बाई, पोराचे डोळे मी खाली काढतो. पटाकडे बघणारे. सकाळी येऊन बघतो, तर ते वर बघत असतात."

"रबर आहे ना तुझ्याकडे? मग?" ती म्हणाली. पण ते चित्र तिने पालथं घालून ठेवलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने दुरुस्तीची सगळी चित्रं भिंतीला ओळीने लावली. काळ्या सोंगट्या कडेकडेने, मध्ये एकेक चौकट सोडत आल्या होत्या. असा एकच माणूस खेळायचा: दादा.

डाव जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला होता. आणि तिला वाटलं होतं, आपण चुका सुधारतोय. ती प्रत्येक वेळी उत्तर देत होती.

आणि ती हरत होती. आणखी एक काळी, की वेढा पूर्ण, आणि मग नियमाप्रमाणे त्याच्याबरोबर जायचं.

तिला घर आठवलं. चिमणी आठवली, तिची सहा वर्षांची पोर. तीही मामावरच गेलेली; न्हाणीघरापर्यंत एकटी जायची नाही, रोज आईचं बोट लागायचं. माझ्यामागे हिचं बोट कोण धरणार?

चष्मेवाला शेवटचं चित्र घेऊन आला. तिने श्वास रोखून ते उलटलं.

काळी सोंगटी भलत्याच कोपऱ्यात होती. वेढ्याचं तोंड सताड उघडं. लाल पेन्सिल तिने जवळजवळ कागदात खुपसली. "इथे. एक पांढरी वाढव. लवकर!"

पांढरी बसली. काळ्या सोंगट्या चारी बाजूंनी अडकल्या.

"काय झालं बाई?" चष्मेवाल्याने विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"जिंकले. जन्मात पहिल्यांदा जिंकले रे."

घरी जाताना तिला पिसासारखं हलकं वाटत होतं. दादा अशी चूक कधी करत नसे, एवढा एक विचार रस्त्यात मनात आला; तिने तो झटकून टाकला. शेजारच्या काकूंकडून चिमणीला घेतलं, तिला बटणांचा डबा खेळायला दिला आणि ती स्वयंपाकाला लागली.

कणीक मळून झाली. भाजी शिजली. बाहेर अंधारून आलं, तरी आज चिमणीची हाक आली नव्हती.

न्हाणीघरात नळ वाजला.

बोळाच्या अंधारातून चिमणी फ्रॉकला हात पुसत बाहेर आली.

"एकटी गेलीस?"

"एकटी कुठे?"

खोलीत फरशीच्या चौकटींवर बटणं मांडलेली होती. पांढरी सगळी मधोमध. काळी त्यांच्याभोवती, कडेकडेने, मध्ये एकेक चौकट सोडून.

"मी हरले ना," चिमणी म्हणाली. "मग जावंच लागतं. पण उद्या हरले तर लांब जायचंय म्हणाला." ती खाली बसून बटणं गोळा करू लागली. पांढरी आपल्याकडे, काळी समोर.

"आई, लांब म्हणजे किती लांब?"