जयाबाईचे गोटे

आधी ते मोबाईल खाली ठेवा. विहंग, तूही. एकतीस तारखेला उमरेड रोडच्या त्या केबिनींवर मुक्कामाला जायचं ठरवून राहिले ना तुम्ही? जा बापा, मी कोण अडवणारा! पण त्या केबिनी ज्याच्या, तो अश्विन आपल्याच गल्लीतला. त्याचं घर माझ्या गॅलरीसमोर. आज त्यांच्याकडे वांग्याची भाजी आहे की पाटोडी, हे मला वासावरून कळतं. तेव्हा जाण्याआधी त्याच्यावर काय गुजरलं ते ऐकून घ्या. पदरचं काही घालत नाही. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो.

तारीख बारा डिसेंबर, साल दोन हजार पंचवीस, शुक्रवार. संध्याकाळी सातला अश्विन हुडकेश्वरहून गाडी घेऊन निघाला. मागच्या सीटवर सागवानाची पाटी होती, 'रानझोप' असं कोरलेली. ती गेटवर ठोकायची, दोन सिलेंडर उतरवायचे, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी अकराला पहिले पाहुणे येणार होते. हिंगण्याच्या कंपनीतली अकरा वर्षांची सुपरवायझरी सोडून त्यानं हे मांडलं होतं. चार एकर जागा, चार लाकडी केबिनी, मधोमध शेकोटीचं गोल अंगण. हे चाललं नाही, तर परत कंपनीच्या दारात उभं राहायचं, असा सगळा मामला.

अस्मिता, त्याची बायको, फाटकापर्यंत आली. म्हणाली, "आज मुक्काम करणं जरुरीच आहे काय?"

"आहे."

"त्या म्हाताऱ्याशी भांडू नका."

"भांडत नाही. आत टाकतो त्याले. खूप झालं!"

म्हातारा म्हणजे रुपराव. जमीन मूळची त्याची. विकताना त्यानं एकच गोष्ट मागितली होती. जमिनीतून एक पायवाट जाते, तिच्या कडेला गोट्यांचा ढीग आहे; वाट बंद करू नका, ढिगाला हात लावू नका. तिकडच्या जंगलपट्टीत रीतच आहे ती. वाघानं माणूस नेला, की त्या जागी गावकरी गोटे रचतात. जाणारा-येणारा एक गोटा टाकतो आणि मग पुढं जातो. हा ढीग रुपरावच्या बायकोचा, जयाबाईचा होता. बत्तीस वर्षांचा.

अश्विननं तेव्हा मान हलवली. पण पुढं कोणीतरी कान भरले, की वाट ठेवलीस तर उद्या गाव हक्क सांगेल, ढीग म्हणजे नुसता बहाणा. त्याला पटलं. त्यानं सगळीकडून तार ओढली. मग केबिनींचा नकाशा काढणाऱ्या केयूरचा फोन आला. "दादा, इथं मस्त गुळगुळीत गोटे पडले आहेत. शेकोटीभोवती भारी दिसतील. घेऊ?"

अश्विन म्हणाला, "घे."

एका शब्दाचं काम. फोन ठेवला आणि विसरला.

तेव्हापासून रोज सकाळी शेकोटीच्या कड्यातून एखाददुसरा गोटा गायब व्हायचा आणि जुन्या ढिगाच्या जागी सापडायचा. सिमेंटात बसवलेला गोटा, दात उपटावा तसा निघालेला. माळी पुन्हा बसवायचा, सकाळी पुन्हा तेच. शेवटी तो माळी पळाला. अश्विनच्या डोक्यात रुपरावशिवाय दुसरं नाव आलं नाही. अर्ज लिहून खिशात ठेवला होता. रात्री रंगेहाथ पकडायचं आणि सकाळी ठाण्यात द्यायचा, असा बेत.

साडेआठला तो पोचला, तर रुपराव गेटाशी उभाच. सत्तरीचा काटक माणूस, अंगात सदरा, खांद्यावर दुपट्टा.

"साहेब, पाटी लावा, पाहुणे बोलवा, माहं काही म्हणणं नाही. गोटे तेवढे जागेवर ठेवा."

"तूच उपटून राहिला ना रोज?" बापाच्या वयाच्या माणसाला अश्विननं सरळ अरेतुरे केलं. "लाज वाटत नाही? लोकाचं उभं राहिलेलं काम पाहवत नाही तुले? हा पाहा अर्ज! तुह्या नावाचा!"

रुपरावचा आवाज असा चढला, की झाडावरची पाखरं उठली. "अर्ज? माह्यावर? जमीन इकली म्या तुले, बायको नाही इकली!"

"कायची बायको? गोटे आहेत ते, गोटे!"

"गोटेच आहेत! दुसरं काय सापडलं होतं तिचं? जाळायले काही हाती आलं नाही. साऱ्या गावानं एक एक गोटा टाकला, तेच तिचं मसन. अन् तू त्याच्याभोवती खुर्च्या मांडून राहिला!"

अश्विन एक पाऊल पुढं सरकून ओरडला. "मग कोण उपटते? तीच येते काय? हां? ती येते?"

रुपरावनं खांद्यावरचा दुपट्टा घट्ट लपेटला. मग म्हणाला, "मले कोंडून ठेव."

"काय?"

"त्या जनरेटरच्या खोलीत कोंड. कुलूप लाव, चाबी तुह्या खिशात ठेव. सकाळी पाहू चोर कोण आहे तं."

थोडी अक्कल जागेवर असती, तर अश्विन इथंच थांबला असता. पण रागानं त्याचे कान तापले होते. त्यानं खरंच म्हाताऱ्याला आत घातलं. रिकामी खोली, लोखंडी दार, वर वीतभर झरोका. जनरेटर अजून यायचा होता. पारा सात-आठवर उतरलेला. पण ना पाणी दिलं, ना पांघरूण. कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि चाबी पँटच्या खिशात टाकली.

पाटी ठोकली. जेवला. पहिल्या केबिनीच्या पायरीवर टॉर्च घेऊन बसला. मनातल्या मनात शिव्या देणं चालूच होतं. रुपरावला, केयूरला, त्या पळपुट्या माळ्याला.

चंद्र साडेबारानंतर वर आला. अर्धाच. एक वाजून दहा मिनिटांनी...

टक.

गोट्यावर गोटा ठेवल्याचा आवाज. जुन्या ढिगाच्या बाजूनं.

अश्विन उठला. आधी जनरेटरच्या खोलीकडे धावला. कुलूप तसंच होतं. चाबी खिशात. परत येऊन शेकोटीवर टॉर्च मारला. कड्यात एक खाच. सिमेंटाचा भुगा ताजा.

"कोण आहे बे? समोर ये!"

काही नाही. सागाची वाळकी पानं तेवढी वाजली. एक पाऊल... थांबून दुसरं... वारा नव्हता.

"ये ना! भेतो काय मी तुले?" त्यानं कड्यातला दुसरा गोटा धरून हिसडला. तो सहज हातात आला. इतक्या सहज, की तोच दचकला. आणि रागाच्या भरात त्यानं तो अंधारात भिरकावला. सगळ्या ताकदीनं.

गोटा पडल्याचा आवाज आला नाही.

तो ऐकत उभा राहिला. दहा आकडे मोजावे इतका वेळ. नाही...

मग जुन्या ढिगाच्या जागेवरून... हळूच... फडताळात भांडं ठेवावं तसं...

टक.

अश्विनचा राग कुठं गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. कसाबसा तो खोलीच्या दारापर्यंत आला.

"रुपराव... काका..."

आतून शांत आवाज आला. "मी इथंच आहे साहेब. बाहेर कोण आहे?"

अश्विननं चाबी काढली. कुलपाला लावली.

"आता उघडू नका," रुपराव म्हणाला. राग होता अजून त्याच्या आवाजात, थंड झालेला. "उघडलं तं सकाळी म्हणाल, रुपराव बाहेर होता. मी बसतो. तुम्ही तुमचं काम करा."

"कोणतं काम?"

पण विचारतानाच अश्विनला समजलं. त्यानं लोखंडी सब्बल आणली. कडं फोडायला घेतलं. एक गोटा सुटला, की उचलायचा, जुन्या जागी न्यायचा, ठेवायचा. परत यायचं. बाजूनं पानं वाजायची. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. तळहात सोलले. चार वाजले. पाच. पूर्वेकडं फटफटलं, तेव्हा शेवटचा गोटा ठेवला. आवाज थांबले होते. मग त्यानं वाटेवरची तार दोन्ही बाजूंनी कापली, अर्ज फाडला आणि दार उघडायला गेला.

अकराला पाहुणे आले. खूश होऊन गेले. आजही तिथं शेकोटी नाही, आणि वाट उघडी आहे. तुम्ही गेलात तर दिसेल तुम्हाला. धंदा बरा चालला आहे म्हणतात, आणि रुपराव दिवसा तिथंच गेटावर असतो. अश्विन त्याला आता काका म्हणतो.

पण दार उघडलं, त्याचं सांगायचं राहिलंच.

रुपराव भिंतीला टेकून झोपला होता. गाढ. आणि त्याच्या अंगावर, गळ्यापर्यंत नीट खोचलेली, एक वाकळ होती.

जुनेर लुगड्यांच्या तुकड्यांची. हिरवी, अंजिरी, एक पट्टी पिवळी.

"ही कुठून आली?" अश्विननं विचारलं.

रुपराव जागा झाला. त्यानं वाकळ पाहिली. कड हातात धरून बोटानं चाचपत गेला... एक बाजू, दुसरी, तिसरी... चौथ्या बाजूला त्याचा हात थांबला.

मग म्हणाला, "जयाची. चवथी बाजू राह्यली होती शिवायची... जाळायले काही नव्हतं ना तवा... तं हीच जाळली होती म्या. माह्या हातानं."

चौथी बाजू शिवून झाली होती. शेवटच्या कोपऱ्यात सुई टोचलेली होती, नवा दोरा ओवलेली.

अश्विननं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

ओलं होतं. नुकतंच कोणी सुईत ओवायला तोंडात धरून ओलं करावं, तसं.