मागचं डावं दार

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. मी शाळामास्तर, बौद्ध घरातला. भुताखेतांच्या गोष्टींना आयुष्यभर हसत आलेला माणूस. पण हे माझ्यासोबत घडलंय. एकवीस मार्च एकोणीसशे शहाऐंशी, शुक्रवार. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणारा रस्ता.

रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजले होते.

आधी गाडी का घेतली ते सांगतो.

त्याच्या तीन वर्षं आधी, अशाच मार्चमध्ये, माझी बायको कांता गेली. ताप डोक्यात चढला होता. एसटी निघून गेलेली. मी तिला रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली चादरीवर निजवलं, शेजारच्या सुकरीबाईला जवळ बसवलं आणि जीप मागायला सायकलनं लाकूड डेपोवर गेलो.

जीप घेऊन आलो तेव्हा सगळं संपलं होतं.

सुकरीबाई एवढंच म्हणाली, "एक निळी गाडी गेली, गुरुजी. बाईनं सोता उठून हात केला. भाऊ, भाऊ म्हणून हाका मारल्या. थांबली नाई."

आमच्या जंगलात हात केलेल्या माणसाला कुणी टाकून जात नाही. ट्रकवाला लाकडांवर बसवेल, पण नेईल. ती गाडी मात्र गेली.

मग एकट्याचा संसार सुरू झाला. सकाळी भात टाकायचा, तोच रात्री खायचा. कधीकधी स्टोव्हशी बोलायचो. शहाऐंशी साली माझी मुलगी करुणा पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी. घरात पुन्हा माणसाचा आवाज होईल या विचारानं मी खुळा झालो होतो. पण तिचे सासरे म्हणाले, "त्या जंगलात वेळेवर गाडी नाई भेटत. तिच्या मायचं काय झालं, माहीत हाय ना?"

मी म्हणालो, गाडी घेतो.

मास्तराच्या पगारात नवी गाडी फक्त कॅलेंडरवर बघायची. जुनी, लहान, पण दगा न देणारी हवी होती. चंद्रपूरच्या बापूराव मिस्त्रीनं मला महिनाभरात गाडी चालवायला शिकवली आणि मग तोच मला गाड्या दाखवत फिरला. पहिली माजरीला. चकाचक! बापूरावनं पायाखालचं रबर उचलून पेचकस टोचला, तो आरपार गेला. "वरातीले ठीक हाय," म्हणाला. दुसरीचा धूर निळा. "हे पेट्रोल कमी, ऑइल जास्त पिते."

तिसरी आरमोरीला, एका म्हाताऱ्या बांबू ठेकेदाराकडे. पांढरी. इंजिन एका आवाजात चालू झालं. बापूराव खूश. मग त्यानं दाराचं रबर ओढून पाहिलं.

पांढऱ्या रंगाखाली... निळा रंग होता.

"रंग काऊन बदलवला?"

"असाच," ठेकेदार जमिनीकडे बघत म्हणाला. मी न मागता त्यानं भाव उतरवला. मग हळूच म्हणाला, "मांगचं डावं दार सांभाळा. आपोआप उघडते कधी कधी."

बापूरावनं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, इंजिन सोनं हाय. पण हा माणूस गाडी इकून नाई राह्यला, टाकून राह्यला. थांबा अजून."

निळा रंग मीही पाहिला होता. खोटं कशाला सांगू? सुकरीबाईनं सांगितलेली गाडी आठवली होती. पण निळी गाडी काय जगात एकच असते, अशी मी मनाची समजूत घातली. करुणाचे दिवस भरत आले होते. मी गाडी घेतली. चूक माझीच.

निघताना बापूराव म्हणाला, "पयल्यांदा एकटेच न्या. काचा वर करा. गाडीले बोलू द्या, तुमी चूप राहा. काय काय वाजते ते ध्यानात ठेवा."

मी ऐकत निघालो. डॅशबोर्ड खडखडत होता. उजव्या चाकात बारीक कुईकुई. बाकी झकास. आलापल्ली गेलं. सागाचं जंगल सुरू झालं.

मग खडखड थांबली.

कुईकुई थांबली.

मग इंजिनही... धक्का न देता गाडी हळूहळू उभी राहिली.

डावीकडे मोहाचं झाड होतं. तेच.

मोहफुलांचे दिवस. झाडाखाली टोपल्या घेऊन बाया असायला हव्या होत्या. कुणीच नव्हतं. मी काच खाली केली. पाखरू नाही, वारा नाही. फुलं टपाटप पडत होती, पण आवाज येत नव्हता.

मागे खटका वाजला...

दार उघडलं.

सीटची स्प्रिंग करकरली.

दार लागलं. हळूच.

मी आरशात पाहिलं. कुणी नव्हतं. सीट मात्र एका बाजूनं दबली होती. आणि श्वास ऐकू येत होता, तापातला, भरभर. तीन वर्षांपूर्वी रात्रभर मी तोच श्वास मोजला होता.

"कांता?"



स्टार्टर दाबला. गाडी लगेच सुरू झाली. मी ती वळवली आणि अहेरीच्या दवाखान्याकडे सोडली. भीती वाटायला हवी होती. पण मला रडू येत होतं. या वेळी उशीर होणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

आलापल्लीच्या अलीकडे मागून आवाज आला.

"भाऊ... दवाखाना दूर हाय का जी अजून?"

आवाज तिचाच. पण कांता मला चारचौघांत गुरुजी म्हणायची, घरात 'आइकलं का' म्हणायची. नवऱ्याला कोणती बाई भाऊ म्हणेल?

तिनं मला ओळखलंच नव्हतं. तिच्यासाठी मी त्या निळ्या गाडीचा माणूस होतो. शेवटी एकदाचा थांबलेला.

"जवळच आहे, बाई," मी म्हणालो.

दवाखान्याच्या फाटकाशी श्वास थांबला. मी उतरून मागचं डावं दार उघडून धरलं. सीट सपाट होती.

दुसऱ्या दिवशी करुणाला पत्र टाकलं. येऊ नकोस, बाळंतपण तिकडेच होऊ दे. तिला त्या सीटवर बसवायची माझी हिंमत नव्हती. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. ती आजही थोडी दुरूनच बोलते. नात मी तीन महिन्यांनी पाहिली.

गाडी विकली नाही. कुणाला विकणार? आणि आमच्या गावाला तो एकच रस्ता आहे. झाडाशी गाडी अजून थांबते. दर वेळी मी सांगतो, कांता, मी आहे. रामटेके गुरुजी. तुझा नवरा.

ती ऐकते असं वाटतं. श्वास जरा हळू होतो.

मग मागून विचारते, "भाऊ, दवाखाना दूर हाय का जी अजून?"